अपघातानंतर मुलाची सीट भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पूर्वी मूल गाडीत आईच्या मांडीवर बसायचं. आता तरुण आईबाप पोटाला चिमटा काढून गाडीत मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी कार सीट घेतात, आणि ते योग्यच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा अशा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. पण त्या सीटनेच दगा दिला तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी संगमनेरजवळ पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि जावयाची गाडी त्याच्यावर आदळली. वेग फार नव्हता. मुलगी-जावयाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पावणेतीन वर्षांची नात मात्र सीटमधून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला सात टाके पडले. नंतर ती सीट मी अंगणात निरखून पाहिली. बकल लावलेलंच होतं. खांद्याचा पट्टा ज्या खाचेतून जातो तिथलं प्लास्टिक बोटभर चिरलं होतं आणि चिरेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. गादीच्या शिवणीत बिस्किटाचा चुरा तसाच होता.

मुलीला ती सीट डोळ्यांसमोर नको झाली होती. पंधरा दिवसांनी तिने ती भंगारवाल्याला देऊन टाकली. माझी सगळी नोकरी न्यायालयात कारकुनीत गेली, मुद्देमालाच्या चिठ्ठ्या मी हाताने लिहिल्या, तरी तिला थांबवायचं मला सुचलं नाही. जो भेटेल तो विमा आणि मोटार अपघात दावा यांबद्दलच बोलत होता. तो दावा वाहनाचा. सीटच्या दोषाची जबाबदारी ही वेगळी बाब आहे, हे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणातल्या तरुण वकिलाकडून कळलं. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘आजी, सीट कुठंय?’’

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूच्या घडणीत किंवा रचनेत दोष असेल, पुरेशी सूचना दिलेली नसेल आणि त्यातून इजा झाली असेल, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. उत्पादक कोण हेच कळत नसेल तर विक्रेत्यालाही धरता येतं. बाहेरून आलेल्या, नावगाव नसलेल्या सीटच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. मुलाच्या वतीने आईवडील तक्रार करू शकतात, तीही आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नसतं, मोजलेल्या किमतीवर असतं, आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. मुदत मात्र दोनच वर्षं. उपचारांत ती कशी सरते ते कळतही नाही.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. धडकेच्या वेगाचं आणि बलाचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मोठा दिलासा आहे हा. पण कंपनी ‘पट्टा तुम्हीच नीट लावला नाही’ असं म्हणेलच, कारण चुकीचा वापर हा कायद्याने दिलेला बचाव आहे. त्याला उत्तर एकच, ती सीट. आयोग ती सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आमच्याकडे पाठवायला काही उरलं नाही. दोष सीटचाच होता, असं आज मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि तेच मला डाचतं.

म्हणून ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी सीट धुऊ नये, दुरुस्त करू नये, कंपनीचा माणूस ‘तपासून देतो’ म्हणाला तरी हातात देऊ नये. पट्ट्यांचे, चिरेचे आणि मागच्या लेबलचे फोटो काढून ती पोत्यात बांधून ठेवावी. बिल, डब्यातली पुस्तिका, ऑर्डरचा संदेश, सगळं जपावं.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बालकांना आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे गरिबांसाठीच असतं असं समजून आम्ही चार महिने तिकडे फिरकलो नाही.

पोलिसांनी अपघाताच्या पंचनाम्यात मुलाची सीट नोंदवावी आणि रुग्णालयांच्या अपघात विभागात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस किंवा निदान ठळक पाटी असावी, अशी माझी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. आपल्याकडेही एक मागणं आहे. लहान मूल जखमी झाल्याची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली एवढी ओळ द्या: मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100, ग्राहक तक्रारीसाठी 1915.

आपली नम्र,
एक आजी, नाशिक