कुत्र्याला नेता येतं का, एवढी एक ओळ छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की आपल्या पेपरात वीकेंड ट्रिपची माहिती येते, मी ती कात्रणं जपून ठेवते. यंदा एकच विनंती आहे, प्रत्येक ठिकाणाखाली एक ओळ द्या, कुत्र्याला नेता येतं का आणि तिथे सावली-पाणी आहे का. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये आता कितीतरी घरांत कुत्रा आहे, लोक त्याला मागे ठेवून जात नाहीत, आणि माहिती मात्र कुठेच धड मिळत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही भंडारदऱ्याकडे एका कॅम्पला गेलो होतो, फोनवर "पेट चालतं मॅडम" म्हणाले आणि तिथे गेल्यावर झाड नाही, मांडव नाही, नुसते तंबू. शेजारच्या तंबूत एक कुटुंब लॅब्रॅडॉर घेऊन आलेलं, बिचारी माणसं चांगली होती, पण दुपारी साडेबाराला त्याला कातळावरून फिरायला नेलं आणि तासाभरात त्याच्या पंजांची सालं निघाली. आपला काळा दगड किती तापतो ते चपला घालून कळत नाही हो! शेवटी त्या बाबांनी तीसेक किलोचा कुत्रा खांद्यावर टाकून गाडीपर्यंत आणला, तो धापा टाकत होता, आम्ही साध्या पाण्याने त्याचं पोट आणि मांड्या भिजवल्या आणि पुठ्ठ्याने वारा घातला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच तो गार होतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर तेही नीट जमत नाही.

मग ऑक्टोबरमध्ये मुलीकडे अमेरिकेत फिनिक्सला गेले. तिचे दोन कुत्रे, तंबू, पाण्याचे कॅन असं सगळं गाडीत भरून आम्ही वाळवंटातल्या दऱ्या बघायला निघालो, फिनिक्स ते ग्रँड कॅनियन साडेतीन-चार तास. दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल, काठावर उभं राहिलं की बोलणंच बंद होतं. पण मला जास्त लक्षात राहिले ते नियम. दक्षिण काठावरच्या वाटांवर कुत्रा चालतो, दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको, काठाच्या खाली उतरायला मात्र अजिबात परवानगी नाही आणि शटल बसमध्येही नाही. खालच्या वाटांवर खेचरांचे तांडे चालतात, उन्हाळ्यात तळाशी ४० अंशांच्या वर जातं. ज्यांना खाली उतरायचंय त्यांच्यासाठी काठावर कुत्र्यांना ठेवायची सोय आहे. हे सगळं घरून निघायच्या आधीच आम्हाला माहीत होतं.

पुढे पेज गावाजवळ अँटिलोप कॅनियन, ती नवाहो लोकांची जमीन, त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही आणि कुत्रे तर नाहीच, म्हणून आम्ही आळीपाळीने बाहेर थांबलो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिथे लांब कुठेतरी पाऊस पडला आणि पाण्याचा लोंढा येऊन ११ माणसं गेली, म्हणजे डोक्यावर ऊन असलं तरी दरी सुरक्षित नसते. नंतर कनाबकडे सरकारी मोकळ्या जमिनीवर दोन रात्री तंबू टाकला, अशा बऱ्याच जागी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, पण पाणी आपलं आपण न्यायचं, आमचं माणशी रोज चार लिटर आणि कुत्र्यांचं वेगळं, आणि शीसुद्धा पिशवीत भरून परत आणायची. तिथल्या वाळूवर एक काळपट खरखरीत पापुद्रा असतो, शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जिवांनी बनलेला, तो जिवंत असतो, त्यानेच वाळू धरून ठेवलीय, एकदा तुडवला की भरून यायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून मुलगी कुत्र्यांना मळलेली वाट सोडू देत नव्हती. दर थोड्या वेळाने ती हाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद धरायची, चटका बसला की सगळे सावलीत. निवडुंगाचे काटे काढायला खिशात फणी आणि चिमटा. रात्री थंडी एवढी की दोन्ही कुत्रे आमच्या पांघरुणात!

आपल्याकडे साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात असंच पाणी भरतं, एरवीही आत मोठमोठे दगड उतरायचे असतात आणि पुढे तर दोर लागतो, तरी लोक कुत्रा घेऊन जातात. इथे ठाण्यात येऊरला रविवारी सकाळी बघा, कितीजण कुत्रा मोकळा सोडतात. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्रा असतोच, आणि घरच्या कुत्र्याला लस नसेल तर डिस्टेंपरसारखा रोग जंगलात जातो, २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये तो सापडला होता. खारघरच्या टेकड्यांवरही उन्हात फरफटत नेलेले कुत्रे मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

वन खात्याने गेटवर मराठीत मोठा बोर्ड लावावा आणि कॅम्पवाल्यांनी बुकिंगच्या वेळीच सावली, पाणी, जवळचा डॉक्टर हे लेखी सांगावं. पण त्याला वेळ लागेल, तुमची ती एक ओळ पुढच्या रविवारपासून सुरू होऊ शकते. आम्ही या मे महिन्यात पुन्हा भंडारदऱ्याला जाणार आहोत, आमची कुत्री चेरी बारा वर्षांची झालीय, ती कळव्याला वहिनींकडे पंख्याखाली राहील.

आपली,
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे