दुपारची सवय

सातारा, रविवार रात्र

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सायकलच्या सरावाचा बारा आठवड्यांचा तक्ता बाबांनी प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवला आहे. दिसतो छान. पण तो तुझ्या म्युनिकच्या हवेला बेतलेला आहे, रे. हिवाळाभर घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी अडकवलेल्या सायकलवर, पाय चालवायचे, मार्चमध्ये रस्ते मोकळे झाले की बाहेर पडून अंतर वाढवायचं आणि मे-जूनला खरा जोर काढायचा. आमच्याकडे उलटी गंगा. नोव्हेंबर ते जानेवारी हाच आमचा हंगाम. तेव्हा पहाटे हातमोजे घालून निघालं तर उन्हं वर येईपर्यंत जर्सी ओलीही होत नाही. तुमचा वसंत सुरू होतो तेव्हा आमचं सायकलिंग आवरायला आलेलं असतं. म्हणून आठवड्याला किती किलोमीटर वाढवायचे ते मी तुझ्या तक्त्यावरून घेते. बाकी माझं मी ठरवते.

परवा फोनवर म्हणालास, "आई, पहाटे निघ आणि नऊच्या आत घरी ये." रोजच्या राइडला ठीक आहे. पण माझ्यापुढे ३०० किलोमीटरची बीआरएम आहे, ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. ताशी १५ किलोमीटरचा हिशेब, म्हणजे २० तास. पहाटे पाचला सुटले आणि सगळी मुदत वापरली तर रात्री एक वाजतो. अख्खी दुपार मधे येतेच, ती कुठे चुकवू? तेव्हा तिची सवयच करून घेतलेली बरी. सध्या माझं ट्रेनिंग म्हणजे एवढंच.

त्यात सकाळची शाळा सुरू झाली, हे फार बरं झालं. मुलं गेली, हजेरीपटाचं काम उरकलं की मी दुपारची मोकळी. जेवण हलकं ठेवते आणि तासभर, फार तर दीड तास, सावकाश चालवून येते. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर थोडं थांबायचं, उतरायचं. जानेवारीत हाच चढ याच गिअरमध्ये चढताना हृदयाचे ठोके १४० च्या आसपास असायचे. आता घड्याळ १५५ दाखवतं. पहिल्या दिवशी मला वाटलं घड्याळच बिघडलं. पण पाय तेच आहेत. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, मग दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं आणि हृदय ती कसर ठोके वाढवून भरून काढतं. अशा वेळी वेगाचा हट्ट धरायचा नाही. आकडा बघायचा आणि गिअर हलका करायचा.

यात चांगली गोष्ट अशी की शरीर हे शिकतं, आणि लवकर शिकतं. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, ठोके खाली यायला लागतात. घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त येतो. त्यातलं मीठ कमी व्हायला मात्र दहा ते चौदा दिवस लागतात. ते मला जर्सीवरच दिसतं. काळ्या जर्सीच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या कडा उठायच्या, अगदी खरवडून काढाव्या अशा. आता त्या बऱ्याच फिक्या झाल्या आहेत. ही कमाई टिकत नाही. दोन-तीन आठवडे उन्हात गेलं नाही तर बरीचशी ओसरते. म्हणून सवय अशी लावायची की तिच्या पाठोपाठ राइड यावी.

निघताना आणि आल्यावर काट्यावर उभी राहते. एक किलो घटलं की साधारण लिटरभर घाम गेला, वर प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, तेही धोक्याचं. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत घरचं ओआरएस: लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. चवीला मी कोकम टाकते. खिशात राजगिऱ्याचे लाडू. तुझी ती ताकदीसाठी खायच्या गोड जेलची पाकिटं अजून ड्रॉवरमध्येच आहेत, ती उन्हात गरम झाली की गिळवत नाहीत.

घाटात सध्या सावलीच नाही. काटेसावर आणि पांगारा लालभडक फुललेत, पण पान एक नाही. ऊन तापतं नेमकी तेव्हाच झाडं उघडी. त्यात कुणीतरी डोंगराला वणवा लावतं. धूर दिसला की मी सरळ माघारी फिरते, छातीत धूर भरून कसलं आलंय ट्रेनिंग. रात्रीची भीती मात्र उन्हाची नाही, उसाच्या ट्रॅक्टरची. दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, पुढे गाणी एवढी मोठ्याने की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येत नाही. माझे दिवे आणि रिफ्लेक्टरचं जाकीट नियमाने लागतातच, ट्रॉलीला कोण विचारणार! गाळप संपत आलं आहे, तेवढाच दिलासा.

तुझ्याकडे ऊन पडलं म्हणून लगेच अर्ध्या चड्डीत निघू नकोस. गार हवेत गुडघे झाकून चालव. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ चेन खातं, घरी आल्यावर धुऊन पुसून तेल घालत जा. आणि तीन महिने ट्रेनरवर बसला होतास, तेव्हा पहिल्याच रविवारी ग्रुपच्या मागे धावू नकोस. दम टिकेल, पाठ-मान बोंबलेल.

बीआरएमच्या दिवशी लोकेशन शेअर करीन. पण ठिपका हलत नाही म्हणून फोन करायचा नाही. बारा ते तीनमध्ये मी एखाद्या हॉटेलात पंख्याखाली बसलेली असेन, तेवढा वेळ हिशेबात धरला आहे. चक्कर आली, मळमळलं किंवा उन्हात अंगावर काटा आला तर तिथेच थांबायचं हे बाबांना कबूल केलंय. ते गाडी घेऊन येतील, आणि वाटभर बोलतील.

तुझी,
आई