भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना, सांगलीहून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

अण्णांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि पेढे रिवाजाप्रमाणे सर्जनसाहेबांकडे गेले. तुमचे आभार मानावेत तर तुम्ही पुढच्या केसला गेलेल्या. म्हणून हे जाहीर पत्र.

आदल्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा वाटलं, बीपी-शुगर बघून जाल. तुम्ही स्टूल ओढून बसलात. घोरता का? आधी कधी भूल घेतलीय? कवळी, हलणारे दात? दोन जिने न थांबता चढता का? यार्डात हळदीच्या अडतीवर हयात गेलेले अण्णा म्हणाले, "चार चढतो!" मग तुम्ही 'आ' करायला लावलंत. उभी तीन बोटं आत जायला हवीत, अण्णांची जेमतेम दोन गेली. पडजीभ तर दिसेचना. गालाला आतून बोट लावून तुम्ही एवढंच विचारलंत, "सुपारी?"

"कधीतरी."

"कधीतरी कसलं वो," आई कॉटपलीकडून म्हणाली, "उशाखाली बी मावा असतोय!"

तुम्ही रागावला नाहीत. फाइलवर 'मल्लमपती चार' लिहिलंत, म्हणजे 'आ' केल्यावर घसा किती दिसतो त्याच्या मोजणीतली सगळ्यात अवघड पायरी. (१९८५ साली ही पद्धत मांडणारे डॉ. मल्लमपती मूळचे आपल्याच देशातले, हे मला नंतर कळलं.) आईला सांगितलंत, सुपारीनं गाल आतून वाळक्या चामड्यासारखा ताठ होतो आणि हा ताठपणा भुलीच्या औषधानंही सैल पडत नाही. औषध अंगात गेलं की पेशंटचा श्वास थांबतो, श्वासाची नळी घालायला मिनिटंच हातात असतात. तेव्हा कळलं की तोंड उघडत नाही, तर?

म्हणून भूल नंतर, नळी आधी. नाक-घसा बधिर करून, अण्णा जागे असताना, नाकातून, लवचिक दुर्बिणीवरून. अण्णांना त्यातलं एवढंच आठवतंय, "मॅडम सारख्या कानाशी बोलत होत्या."

आणि हो, पहाटे चहा पाजायला निघालेल्या आमच्या आत्यालाही तुमचंच वाक्य ऐकवलं: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, दुधाचा चहा म्हणजे खाणंच, त्याला सहा तास.

मावा सुटलाय असं छातीठोक सांगत नाही. पण दातांच्या डॉक्टरांना दाखवलंय, तोंड उघडायचे व्यायाम चालू आहेत, आणि पुड्या हुडकायचं खातं आईनं स्वतःकडे घेतलंय.

आपला,
अण्णांचा थोरला