वेदीमागचं सोनं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा जुन्या गोव्याला जाऊन आलो आणि तेव्हापासून तुझी सारखी आठवण येतेय. त्या रस्त्याने आपण कितीदा गेलो, पण से कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीसमोर असा निवांत कधी बसलो नव्हतो. या वेळी तास-दीड तास बसलो.

वेदीच्या मागे कोरीव लाकडाची उंचच उंच भिंत आहे, सोन्याच्या वर्खाने मढवलेली. पोर्तुगीज तिला रेताबुलू म्हणतात. तिच्यात संत कॅथरीनच्या आयुष्यातले सहा प्रसंग कोरलेत. तीच का, तर तिच्याच सणाला, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकून घेतला. कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ साली सुरू झालं, १६१९ ला इमारत पुरी झाली, आणि वेद्यांचं काम संपायला १६५२ उजाडलं. बापाने उचललेली पटाशी मुलाने खाली ठेवली असेल रे!

आणि ती पटाशी कुणाची? १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागली, म्हणजे कामं त्यांच्याकडेच जात होती ना? तुझ्या-माझ्या आज्यासारखीच माणसं ती. नाव मात्र एकाचंही कुठे कोरलेलं दिसलं नाही. मला ते फार लागलं.

एका खांबाशी अगदी जवळ जाऊन पाहिलं. वेलीच्या एका पानाच्या कडेला वर्ख झिजलाय आणि खालून लाल रंग डोकावतोय. लाकडावर सरस आणि खडूचे थर, त्यावर तांबड्या मातीचा हात, मग वर्ख, आणि शेवटी अकीकाने घासून आणलेली झळाळी. त्या लालामुळेच सोन्याला ऊब येते. तेवढ्यात कुणीतरी मेणबत्ती पेटवली, आणि एका ज्योतीवर ती अख्खी भिंत हलल्यासारखी झाली. विजेच्या झगझगाटात हे दिसायचं नाही. हे काम ज्योतीसाठीच केलेलं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

समोरच्या बॉम जेझू चर्चमध्येही गेलो. तिथे खाली लहानगा बाळ येशू, त्याच्यावर संत इग्नेशियसची भलीमोठी मूर्ती, नजर वर लावलेली. पण लोक संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडे वळतात, वेदीपाशी थांबतं कोण!

आपल्या देवळातल्या जुन्या मखराला ऑइल पेंट फासला, त्या दिवशी तू जेवला नव्हतास. म्हणून तुलाच लिहितोय. ते पान, ती वेल कुठल्या हाताची, हे मला नुसतं जाणवतं. तू बघून सांगशील. दिवाळी झाली की ये. २४ नोव्हेंबरला झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, मग पाय ठेवायला जागा नसते. येताना वहिनींना आण, आणि तुझं ते भिंग विसरू नकोस.

तुझाच