बाबांचा मोतीबिंदू आणि अनाथोथचं शेत

प्रिय आई-बाबा,

दोघांना सप्रेम सलाम.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून पत्र लिहिते आहे. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, तुझ्याबद्दलही लिहिलंय.

बाबांनी उपासनेत शास्त्रपाठ वाचणं सोडलं, हे आईकडून कळलं. मागे घरी आले होते तेव्हा मी पाहिलंच होतं. बायबल खिडकीशी न्यायचं, पान उजेडाकडे तिरकं करायचं, डावा डोळा मिटायचा आणि मग ओळीखाली बोट ठेवून वाचायचं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाकू. बाबांचं उत्तर ठरलेलं: "आता किती दिवस राहिलेत? कशाला खर्च?" गच्चीच्या गळतीलाही हेच उत्तर आणि परसातला वाळलेला लिंबू काढून नवा लावायलाही हेच. वर "प्रभूची इच्छा" असं जोडलं की समोरच्याने गप्पच बसायचं.

बाबा, यिर्मया संदेष्टा मला तुम्ही शिकवलात, तेव्हा त्याच्यावरूनच भांडते. एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन हल्ली ज्याच्या त्याच्या स्टेटसला असतं, कॅलेंडरवर असतं, चहाच्या मगावरसुद्धा असतं. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, वगैरे. त्याच्या आधीचं दहावं वचन मात्र मी कुठल्या मगावर पाहिलेलं नाही. हा अध्याय म्हणजे बाबेलला, बॅबिलोनला, बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने धाडलेलं पत्र, आणि त्या वचनात बाबेलच्या 70 वर्षांचा हिशोब आहे. म्हणजे ज्यांना हे पत्र गेलं, त्यातल्या बहुतेकांची हाडं बाबेलातच राहणार होती. आणि त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा. "किती दिवस राहिलेत" हा प्रश्न त्यांनी विचारला असता तर तुमच्यापेक्षा शोभला असता.

पण मला खरा आवडतो तो बत्तिसावा अध्याय. बाबेलच्या फौजेचा यरुशलेमला वेढा पडलाय, इ.स.पू. 587 च्या सुमाराची गोष्ट, आणि यिर्मया राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. काय मुहूर्त शोधलाय बघा! शहर आज पडेल की उद्या अशी वेळ, आणि भाऊबंद जमीन विकायला हजर. आपल्याकडे कोणी त्याला दारात उभं केलं नसतं. यिर्मया मात्र 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, एक मोहरबंद आणि एक उघडं. ती दोन्ही खतं आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. व्यवहार अगदी तलाठ्यालाही खोट काढता येणार नाही असा. आणि हे सगळं उरकल्यावर तो प्रार्थनेत म्हणतो, देवा, शहर तर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? शंका आहेच, पण खत आधी झालेलं आहे. पुढे त्याला लोकांनी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये नेलं. त्या शेतात त्याने नांगर धरल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

माझी आशेची समजूत आता एवढीच उरली आहे, बाबा. सगळं छान होईल असं वाटणं मला जमत नाही, तुम्हालाही जमू नये. पण उद्याचं काम आज, पैसे मोजून करता येतं.

आता आई. बाबा खचून काही बोलले की तू "असं बोलू नये, विश्वास कमी पडतो" म्हणून गप्प करतेस. मंडळीतल्या कोणीतरीही त्यांना तेच ऐकवलं म्हणे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून वाच. सुरुवातीपासून गाऱ्हाणं आणि शेवट अंधारात, देवाने उत्तर दिल्याची एक ओळ नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे आणि कोणी काढून टाकलेलं नाही. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे वचन तू आम्हाला शाळेत सोडताना म्हणायचीस. ते आहे विलापगीतात, उद्ध्वस्त शहरावरच्या पाच अध्यायांच्या रडण्याच्या ऐन मधोमध. पुढेही दोन अध्याय रडणं चालूच आहे. त्यांना बोलू दे. बोलून झालं की चहा दे आणि डॉक्टरांचा विषय काढ.

आपल्या नगरकरांना अशा वेळी कवी रेव्हरंड टिळक आठवतात. मला केडगाव आठवतं, आपल्या शेजारचं नाही, दौंडकडचं. 1921 मध्ये पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तिथलं मुक्ती मिशन तिच्यावर सोपवायचं, असं त्यांच्या मनात होतं. त्यानंतरही हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी बाजूला ठेवलं नाही. काम पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं ते त्यांच्या मागे. आणि प्रेषित पौल? आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला पत्रात "धाव संपवली" असं लिहितो आणि पाचसहा ओळींनी सांगतो, त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच, आणि हिवाळ्याच्या आत ये. मरणाच्या दारातल्या माणसाला वाचायला पुस्तकं हवी आहेत. तुम्हाला चष्म्याचा नंबरसुद्धा नको!

तर ठरलंय असं. पुढच्या महिन्यात मी रजा टाकून येते. आधी डावा डोळा, तो बरा झाला की उजवा. बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही आणि डोक्यावरून अंघोळ काही दिवस बंद. आई, साखरेचे रिपोर्ट आणि बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत काढून ठेव. साखर जास्त असली तर तारीख पुढे ढकलतील, तेव्हा शेवकांडीचा डबा तुझ्या ताब्यात ठेव. गच्चीवाल्याशी मी बोलले आहे, तो शनिवारी माप घ्यायला येईल. त्याला परत पाठवू नका.

लिंबाचं रोप मी इथल्या नर्सरीतून आणते. खड्डा बाबांनी सांगायचा, कुठे ते.

नाताळच्या उपासनेत पाठ कोण वाचणार, हे पाळकसाहेबांना मी कळवलेलं नाही. ते तुमचं तुम्ही बोला.

तुमची,
धाकटी