हिप्परग्याचे वारकरी

संपादक महोदय,

निवृत्त झाल्यापासून थंडीतले रविवार माझे हिप्परग्याच्या तलावावर जातात. आदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात बांधलेला हा एकरुख तलाव शहरापासून किती जवळ! सोबत थर्मास, जुनी दुर्बीण आणि कुरकुरत येणारा नातू.

परवा तो मात्र गप्पच झाला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस काठावर चरत होते. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले पाहुणे, आणि चालतात कसे, तर आपल्या घरच्या बदकांसारखे डुलत! पलीकडे वारकरी पोहत होते. काळं अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. पंढरपूरच्या जिल्ह्यात या पक्ष्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. “आजोबा, यांची वारी पाण्यातूनच का?” नातवानं विचारलं. उत्तर सुचलं नाही.

तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा म्हणून एका तरुणानं थव्यावर दगड भिरकावला. सगळे उडाले. व्हिडिओ चांगला आला असेलही. आम्ही मात्र तासभर रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. दगड खाली ठेवा, बाबांनो. पुढच्या रविवारी नातू पुन्हा येणार आहे, यावेळी स्वतःहून.

एक वाचक, सोलापूर