फोटोसाठी दोन्ही दारे उघडी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पुरवणीतला शेडनेटमधील टोमॅटो विषाणूंपासून वाचवण्याचा लेख वाचला. फवारणीचा तक्ता तर फ्रेम करून लावावा इतका देखणा. पण शेजारचा फोटो छापण्याआधी कोणी पाहिला होता का? तज्ज्ञ मधोमध उभे, उघड्या हातात टोमॅटोचा शेंडा आणि मागे शेडनेटची दोन्ही दारे सताड उघडी! तक्त्यातले सहावे औषध आणायला जाण्याआधी ती दारे तरी लावायची.

मी २० गुंठ्यांत टोमॅटो करतो. शेडनेट ही सावलीची जाळी, तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात आत येते. म्हणून पदरमोड करून चारी बाजूंनी ५० मेशचे, म्हणजे बारीक भोकांचे इन्सेक्ट नेट लावले, डबल डोअर केले. एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हे आमच्या नातवालाही पाठ आहे. गेल्या वर्षी लागवडीला बारा दिवस झाले असताना पाहणीला चार साहेब आले. येताना शेजारच्या गावचा बोकड्या (पांढऱ्या माशीने पसरणारा, पाने आखडणारा विषाणूरोग) आलेला प्लॉट बघून आले होते, हे त्यांनीच कौतुकाने सांगितले. एकाच्या अंगात पिवळाधमक टी-शर्ट. माशी पिवळ्यावर येते म्हणून आम्ही पिवळे चिकट सापळे टांगतो. हा चालता-फिरता सापळा, फक्त चिकट नव्हता. मी म्हटले, "साहेब, आधी बाहेरचे दार लावू द्या." तर म्हणे, "राहू द्या हो, फोटोला उजेड पाहिजे." पंधरा मिनिटे दोन्ही दारे उघडी. निघताना एकाने तंबाखू मळलेल्या बोटांनी शेंडा चिमटून पाहिला. दारी आलेल्या माणसाला काय बोलणार? वर चहा पाजला.

अठरा दिवसांनी दाराकडच्या दोन ओळींत शेंडे आखडले, पाने वाटीसारखी वळली. साहेबांनीच रोग आणला हे मला सिद्ध करता येणार नाही, माशी दुसरीकडूनही शिरली असेल. पण मागच्या टोकाला तेव्हा एकही रोप आखडलेले नव्हते. दीडशेच्या वर रोपे जागेवरच पिशवीत घालून उपटली. त्या पाहणीचा अहवाल कुठे गेला कोण जाणे, फोटो मात्र व्हॉट्सअॅपवर आला होता.

बरे, तक्त्याचे म्हणाल तर २०२० साली आमच्याकडे 'तिरंगा' (टोमॅटोच्या फळावर वेगवेगळे रंग उमटवणारा रोग) आला, बंगळूरच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेत नमुने गेले आणि त्यात काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. तो पसरवते मावा ही बारीक कीड, आणि माव्याला झाडात सोंड खुपसून काही सेकंद पुरतात. औषधाने मरेपर्यंत तो आपले काम उरकून बसलेला असतो. मग जाळी, बांधावरचे गवत, कडेने मक्याच्या दोन ओळी, नर्सरीतून येणारे रोप यावर लेखात मिळून चार ओळी आणि फवारणीला अर्धे पान? तक्त्याखालीच कीटकनाशकाची जाहिरात आहे, तो अर्थात योगायोग असेल.

त्या तिरंग्याच्या वेळी टोमॅटोच्या विषाणूची बातमी कोरोनाच्या चालीवर दाखवली गेली, तेही राहवत नाही म्हणून लिहितो. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही हे सांगायला कोणाला वेळ नव्हता आणि क्रेट घेऊन मार्केटला उभे आम्ही होतो. भाव चढला की पहिल्या पानावर गृहिणींचे बजेट कोलमडते, पडला की आतल्या पानावर दोन ओळी.

परदेशात २०१४-१५ पासून टोमॅटोचा रुगोज विषाणू गाजतोय. त्याला माशीचीही गरज नाही, हात, कात्री, कपडे, क्रेट यांवरून तो जातो. तिकडच्या काचघरांत पाहुण्याला झगा आणि हातमोजे घातल्याशिवाय आत घेत नाहीत. आमच्याकडे व्यापाऱ्याचा क्रेट दहा गावे फिरून न धुता थेट ओळीत येतो. यावर लेख येऊ द्या की!

आपला छायाचित्रकार आमच्या शेडवर केव्हाही येऊ शकतो. दाराशी पाण्याचा ड्रम आणि साबण ठेवला आहे. शर्ट तेवढा पिवळा नको.

आपला,
एक टोमॅटो उत्पादक, ता. जुन्नर, जि. पुणे